ग्रंथ कधी?

मास्तरांच्या पुस्तकाला पुस्तक म्हटलेलं त्यांना चालत नसे. सुरतेच्या अडाजण भागातला एक डेंटिस्ट एकदा आपल्या गुजराती सवयीने बोलून गेला, "मास्तर, चोपडी क्यारे आवशे?" मास्तरांनी मांडीवरची गिटार उतरवली, भिंतीला टेकवली आणि त्या रविवारी पुन्हा हातात घेतली नाही. चोपडी शाळकरी पोरांची असते, दप्तरात कोंबून न्यायची, आपण लिहितोय तो ग्रंथ आहे, असं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. दुसऱ्या दिवशी डेंटिस्टने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून 'ग्रंथ कधी?' असं ठेवलं. ते नाव पुढे चार वर्षं टिकलं.

ग्रुपमध्ये आम्ही अकरा जण होतो. सुरतेत जॅझ गिटार वाजवणारे एवढेच, अशी आमची समजूत होती. बारावा सापडला असता तर आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याला हार घातला असता. कोणी दात काढणारा, कोणी वराछात हिरे घासणारा, कोणी चर्चमध्ये वाजवणारा. धंदे वेगळे, पण दुखणं एकच. सुरुवातीचे धडे सगळ्यांचे झालेले, आणि पुढे भिंत. परदेशी पुस्तकं मागवून झाली होती, ती उशीला घेण्याइतकी जाड होती आणि बहुतेकांनी शेवटी तीच सोय केली होती. पुढची हार्मनी, म्हणजे सुरांचे मेळ एकमेकांना कसे जोडायचे ते अवघड प्रकरण, मास्तरांनी आपल्या पद्धतीने लिहून ठेवलंय, हे सगळ्यांना माहीत होतं. लिहिलेलं मात्र कोणी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीची वाट माणूस फार जोरात बघतो.

पोटापाण्यासाठी मास्तर उधन्यात नक्षीचं काम करत. साडीच्या पदरावर जो मोर दिसतो, तो मागाला आधी समजावून सांगावा लागतो. त्यासाठी ग्राफ पेपरवर एकेक चौकट भरायची. भरलेली चौकट म्हणजे धागा उचल, रिकामी म्हणजे राहू दे. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, आणि ते करायला मालकांनी मला ठेवलं होतं. मास्तर त्याच ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर हाताने चौकटी भरत बसत. कॉम्प्युटरचा मोर नुसता उभा राहतो, मास्तरांचा मोर बघतो, असं मालक म्हणायचे आणि त्यांना निवृत्त होऊ देत नसत. मास्तरांचे दोन चष्मे होते, एक कागद बघायचा आणि एक माणसं बघायचा. घाईत ते माणसांकडे कागदाच्याच चष्म्यातून बघत, आणि मग समोरच्याला आपल्या शर्टावर काही सांडलंय का अशी शंका येई.

खानदेशातून ते विशीत सुरतेला आले, मिलमध्ये लागले, आणि लग्नाच्या सीझनला एका बँडपार्टीत टमटम वाजवू लागले. त्या बँडमध्ये एक गोवेकर गिटारवाला दोन हंगाम येऊन गेला. तो मास्तरांच्याच खोलीवर राहायचा, आणि भाड्याऐवजी जॅझ शिकवायचा. तिसऱ्या हंगामाला तो आलाच नाही. अर्धं शिकवून गेलेला गुरू फार वाईट, मास्तर म्हणायचे, उरलेलं अर्धं आयुष्यभर शोधत बसावं लागतं. गल्लीतल्या बायकांना मात्र 'जॅझ' हा शब्द कधी नीट ऐकूच आला नाही. मास्तरांकडे रविवारी जाजम असतं, असं त्या एकमेकींना सांगत. एकीने तर मुलाच्या साखरपुड्यासाठी ते दोन दिवस मागायला माणूस पाठवला होता.

तर रविवारचा हा वर्ग. मास्तरांच्या घराला लागूनच पॉवरलूमची शेड होती आणि माग काही रविवार पाळत नाहीत. आम्ही अकरा जण पुढच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसायचो आणि भिंतीपलीकडे चोवीस माग खटाखट चालायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, या आवाजात कसं शिकायचं? मास्तर म्हणाले, हाच तर तबलजी आहे, फुकटचा आणि न थकणारा. माग सरळ चालतो, आपण त्याच्या बाजूने जरासं लंगडत चालायचं. जॅझच्या ठेक्यातला झोल म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात कळलं. तेव्हापासून मी शांत खोलीत वाजवायला बसले की माझा ठेका चुकतो.

वर्गात कागद वर्ज्य. कागद बघून कोणी घास तोंडात घालत नाही, असं त्यांचं मत. सगळं कानाने आणि बोटाने. आणि सगळं आखाजीच्या हिशेबाने. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. लेकीला सासरहून आणायला जो भाऊ जातो तो मुऱ्हाळी. मास्तरांच्या मते हार्मनीचं सगळं शास्त्र एवढंच होतं. प्रत्येक गाण्याचा एक मेळ माहेरचा. तिथून निघायचं, लांब जायचं, आणि परत यायचं. पाचवा मेळ म्हणजे सासरी पिशवी भरून दाराकडे डोळे लावून बसलेली लेक. त्या मेळात एक सूर असा असतो, की तो माहेरापासून अर्ध्याच पावलावर उभा असतो. तो मुऱ्हाळी. त्याने हात धरला की लेक घरी आलीच पाहिजे.

हे ऐकून डेंटिस्टने कपाळाला हात लावला होता. तीन वर्षं जाड पुस्तकं वाचून जे कळलं नाही ते लग्न झालेल्या बहिणीने शिकवलं, असं तो म्हणाला. हिरेवाल्याची बहीण भावनगरला दिलेली होती. तो त्या दिवशी पाचवा मेळ इतका हळवा वाजवत राहिला, की शेवटी मास्तरांनीच त्याला पाणी दिलं. कोणी मध्येच वाजवणं थांबवलं, परत न येता, तर मास्तरांचा एकच प्रश्न ठरलेला असे: लेकीला एस. टी. स्टँडवर बसवून आलास का?

ग्रंथाची पानं मला दिसली, कारण ती कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत मास्तर डब्यासोबत पिशवीतून दोन-तीन पानं आणत आणि मी ती स्कॅन करून साफ करत असे. पान म्हणजे आमच्या कामाचाच ग्राफ पेपर. सहा उभ्या रेघा, म्हणजे गिटारच्या सहा तारा. जिथे बोट ठेवायचं ती चौकट भरलेली. असे आठ-दहा मेळ एकावर एक रचलेले, आणि पानाच्या डोक्यावर दोन शब्दांचं नाव. बाकी मजकूर नाही. नक्षी बोलत नसते, म्हणायचे. एकशेबारा पानं होती, आणि खरं सांगते, इतकं सुंदर काम मी त्या ऑफिसात दुसरं पाहिलं नाही.

पण ग्रंथ काही निघेना. दिवाळीला म्हणाले, आखाजीला. आखाजीला म्हणाले, एक्केचाळीसाव्या पानावरचा एक मेळ अजून पटत नाही, त्याला एक हिवाळा बघू द्या, थंडीत तार वेगळी बोलते. हिवाळा गेला. मग एका शब्दावरून आठ महिने गेले. पाचव्या मेळाच्या जागी कधीकधी दुसराच एक मेळ येऊन बसतो आणि तोही तितक्याच हक्काने घरी नेतो. त्याला मास्तरांनी नाव दिलं होतं 'सवत'. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते पान चहा देता देता वाचलं आणि चहा परत नेला. "सवतबिवत काही लिखू नका," आतून आवाज आला, "उद्या मना नातू वाची." मग 'धाकटी जाऊ' सुचलं, ते मास्तरांना अर्थाने पटेना. 'मावसबहीण' सुचलं, ते काकूंना पटलं पण चार दिवसांनी मास्तरांचं मन फिरलं. अखेर 'आडवाट' ठरलं आणि ग्रुपवर आम्ही पेढ्याची चित्रं पाठवली.

त्यानंतर तरी निघावा, तर नाही. आता काय अडलंय, हे मला काकूंनी सांगितलं. रविवारी त्या सगळ्यांना जेवायला घालत. वरण-बट्टी, कधी भरीत आणि कळण्याची भाकरी. डेंटिस्ट यायचा तो निम्मा त्यासाठी, हे तोही नाकबूल करत नसे. मी बट्ट्या तळायला मदत करत होते आणि म्हटलं, काकू, तुम्हीच मास्तरांना समजवा, लोक किती वाट बघतायत.

काकूंनी झाऱ्यातल्या बट्ट्या निथळून ताटात काढल्या. मग हळूच म्हणाल्या, "ग्रंथ तर दोन वरीसपासून तयार शे, माय. पन तो निंघना म्हंजे तुम्ही लोके आठे कसाले येशात?"

म्हणजे, ग्रंथ हातात आला की तुम्ही इथे कशाला याल. त्यांचे दोन्ही मुलगे लांब, एक पुण्यात आणि एक त्याहूनही लांब. आठवड्याचे सहा दिवस त्या घरात मागाच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसे. सातव्या दिवशी अकरा जोडी चपला दाराबाहेर पडत. मास्तर दर आठवड्याला त्या चपला ओळीने लावायला बाहेर जात, हे मी पाहिलं होतं. त्यांच्या शिस्तीची आम्ही चेष्टाही केली होती. ते चपला मोजून येत असत, हे मला त्या दिवशी कळलं.

मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तरीही मला ग्रंथ हवा होता.

शेवटी तो डेंटिस्टमुळे निघाला. त्याची पन्नाशी झाली, त्या रविवारी तो नाश्त्याला सुरती लोचो घेऊन आला, सगळ्यांना वाटला, आणि जाताना दारात उभा राहून मास्तरांना म्हणाला, "मास्तर, मेरी उंगली बुढ्ढी होने से पहले दे दो." हसत म्हणाला, पण हसला तो एकटाच. मास्तरांनी कागदाचा चष्मा लावून आपलीच बोटं बराच वेळ बघितली. सोमवारी त्यांनी एकदम सगळी पानं माझ्या टेबलावर ठेवली आणि कुठल्याही पानाकडे न बघता सांगितलं, की छापायला दे.

छापलं लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या प्रेसने. त्यामुळे मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात एक छोटा गणपती आपोआप आला. मास्तरांना तो आवडला. आखाजीच्या दिवशी पुढच्या खोलीत नारळ फुटला. दोनशे प्रती होत्या, त्यातल्या अकरा आम्ही तिथेच उचलल्या, बाकीच्या पुढच्या दोन आठवड्यांत पुणे, गोवा, बडोदा अशा गेल्या. कुठून कुठून लोक विचारत होते. इतके लोक आपल्यासारखेच वाट बघत होते, हे बघून आम्हाला जरा मत्सरही वाटला.

आणि मग कौतुकाचा पूर आला. ग्रुपवर रोज कोणीतरी लिहायचं, पहिल्या पानालाच डोकं चक्रावलं. हिरेवाला म्हणाला, मास्तर वर्गात जे शिकवत होते ते बालवाडी होती. डेंटिस्टने लिहिलं, असं कधी ऐकलंच नव्हतं, सुरुवातीलाच घर दिसतं आणि मग ते हरवत जातं. पुण्याच्या एका बुजुर्ग गिटारवाल्याने तर दोन स्क्रीन भरून पत्र पाठवलं. त्यात एक वाक्य असं होतं, की लेखकाने हार्मनीच्या परंपरेची दिशाच उलटी केली आहे. मी ते मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते खूश झाले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मी कुठे उलटी केली?" मी म्हटलं, मोठी माणसं असंच लिहितात.

पहिल्या रविवारी चौघं आले. दुसऱ्या रविवारी हिरेवाला आणि मी. तिसऱ्या रविवारी मी एकटी. बाकीचे घरी ग्रंथ घेऊन बसले होते, आणि ग्रुपवर तसं अभिमानाने लिहीत होते. काकूंचा हात काही कमी व्हायला तयार नव्हता, तेरा जणांच्या बट्ट्या होतच राहिल्या. आम्ही तिघं त्या बुधवारपर्यंत खात होतो. मास्तर मला शिकवायचे, पण अधूनमधून थांबून दाराकडे बघायचे, आणि मागाचा आवाज वाढलाय का असं विचारायचे. आवाज तेवढाच होता. असे पाच रविवार गेले. त्या घरी मला बसवेना, आणि उठवतही नसे.

सहाव्या आठवड्यात माझी अक्कलदाढ ठणकू लागली आणि मी डेंटिस्टकडे गेले. त्याने इंजेक्शन देऊन माझा अर्धा जबडा लाकडासारखा करून टाकला, तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि दहा मिनिटं तसंच पडून राहायला सांगितलं. ही दहा मिनिटं तो कधी वाया घालवत नसे. कोपऱ्यातली गिटार काढून त्याने ग्रंथ स्टँडवर ठेवला आणि माझ्यासाठी म्हणून सव्वीसावं पान वाजवू लागला. मी डोळे मिटून ऐकत होते. पहिलाच मेळ माहेरचा. मग पाचवा. मग लांबचा, मग आणखी लांबचा, आणि शेवटी अगदी अनोळखी मुलखात येऊन तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "क्या बात है ना?"

मी डोळे उघडले. त्याचं बोट पानाच्या तळाशी होतं. तो वरून खाली आला होता.

आता हे समजायला एक गोष्ट माहीत हवी, आणि ती आमच्या धंद्याबाहेर कोणालाच माहीत नसते. नक्षीचा कागद खालून वर वाचतात. कापड मागावर खालून वर वाढतं, पहिला धागा सगळ्यात खाली, म्हणून पहिली ओळही सगळ्यात खाली. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, जिना जसा खालून चढतात तसंच. मास्तरांनी एकशेबारा पानं खालून वर लिहिली होती. मी ती खालून वर वाचत साफ केली होती. मोर कुठून सुरू होतो हे जसं कोणी कागदावर लिहीत नाही, तसं आम्हा दोघांना हेही कुठे लिहावंसं वाटलं नाही. आणि बाहेरची सगळी माणसं, पुण्यापासून गोव्यापर्यंत, सज्जनासारखी वरून खाली वाजवत होती. एकशेबारा पानांवरची प्रत्येक लेक माहेराहून निघून सासरी जाऊन बसत होती.

मी खुर्चीतून उठायला लागले. डेंटिस्टने मला खांद्याला धरून परत निजवलं. मी बोटाने खालून वर, खालून वर असं दाखवलं. त्याने विचारलं, दुखणं वर चढतंय? कानापर्यंत? मी जोरात मान हलवली, तर त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं. त्यानंतर मला माझी जीभ कुठे आहे तेही कळेना. दाढ निघाली, मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले आणि रिक्षा करून तडक मास्तरांच्या घरी गेले.

तोंड बधिर असल्यामुळे मी पाटीवर लिहून सांगितलं. पाटी काकूंची होती, भाजीची यादी लिहायची. मी लिहिलं: लोक वरून खाली वाजवतात. मास्तरांनी वाचलं. माणसांचा चष्मा काढून कागदाचा लावला आणि पुन्हा वाचलं. मग उठून त्यांनी ग्रंथ उघडला, सव्वीसावं पान काढलं, गिटार घेतली आणि वरून खाली वाजवलं. शेवटच्या अनोळखी मेळावर हात तसाच ठेवून ते बसून राहिले. आणि स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "हाई पोर कथा चालनी?"

कुठे चालली ही पोर. मला वाटलं, आता हे मोडून पडतील. चौदा वर्षं लिहिलेलं काम, आणि सगळं उलटं. कौतुकाचं एकेक पत्र आता चापटीसारखं आठवत असणार. माझे डोळे भरून आले, आणि अर्धा चेहरा बधिर असल्याने मी रडतेय की हसतेय ते काकूंना कळेना.

मी पाटी पुसून लिहिलं: ग्रुपवर टाकते. खालून वर वाचा. एक ओळ पुरे. माझी चूक आहे असंही लिहिते.

मी फोन काढला. मास्तरांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. तसा मी तो त्या पाच आठवड्यांत पाहिला नव्हता.

"ग्रुपवर नको," ते म्हणाले. "असं लिहून कळायचं नाही. म्हण, रविवारी घरी या. समजावून सांगतो."

काकूंनी काही न विचारता डाळीचा डबा खाली काढला.

त्या रविवारी अकराच्या अकरा आले, आणि पुण्याचे ते बुजुर्ग गिटारवालेही सकाळच्या गाडीने आले. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. चूक कबूल करायला त्यांना किती जड जाईल याची मला धास्ती होती. एका चौकटीची चूक मान्य करायलाही ऑफिसात त्यांना दोन दिवस लागायचे. पण त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी कापड विणत होतो, तुम्ही पुस्तक वाचत होता."

ग्रंथाला पुस्तक म्हणताना त्यांना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्यांनी सव्वीसावं पान खालून वर वाजवलं. लांबच्या मुलखातून निघून, एकेक वळण घेत, आडवाटेने, शेवटी ते अशा काही सहजपणे घरी आले की हिरेवाल्याने मोठ्याने श्वास सोडला. डेंटिस्ट मात्र फुगून बसला होता. दीड महिना रोज दवाखान्यात वाजवलं, पेशंटांना ऐकवलं, त्याचं काय, असं त्याचं म्हणणं. पुण्याचे पाहुणे म्हणाले, की खरं सांगायचं तर उलटंही वाईट नव्हतं, एक वेगळीच हुरहुर होती त्यात. मास्तरांना हे मुळीच आवडलं नाही. लेकीला सासरी पोचवून येणं आणि माहेरी आणणं यात फरक असतो की नाही, असं त्यांनी पाहुण्यांना विचारलं. पाहुण्यांना दोन मुली होत्या. ते म्हणाले, असतो.

त्यानंतर एकेक पान काढून एकेक जण विचारू लागला. खालून वर वाचल्यावर तर प्रश्न दुप्पट झाले होते. इथे हे बोट का, इथे आडवाट कशाला, हा मेळ कोणाच्या नात्यातला. दुपार उलटली, बट्ट्या दोनदा झाल्या, पाहुण्यांची गाडी चुकली आणि त्यांनी ती चुकू दिली. मास्तर मध्येच उठून बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं. ते चपला ओळीने लावत होते, आणि या वेळी सावकाश.

पुढे मी नोकरीसाठी नाशिकला आले. रविवार सुटला. ग्रुप आहे, त्याचं नाव आता 'पान कितवं?' असं आहे. मास्तर अजून नक्षी काढतात आणि अजून शिकवतात. दारात कधी पंधरा जोडी चपला असतात, कधी अठरा, असं काकू सांगतात. गोव्याहून दोघं येतात, बडोद्याहून एक बाई येतात. सगळ्यांच्या हातात ग्रंथ असतो आणि सगळ्यांची तक्रार एकच असते, की पहिलं पानही समजत नाही.

दोनशे प्रती कधीच संपल्या होत्या. गेल्या महिन्यात दुसऱ्या आवृत्तीची फाइल माझ्याकडे आली. मी सगळी पानं पुन्हा तपासली, एक्केचाळीसावं पान मास्तरांनी पुन्हा बदललं होतं ते बसवलं, आणि एक काम मनाशी ठरवून ठेवलं. पहिल्या पानावर खालून वर जाणारा एक छोटा बाण आणि खाली चार शब्द. म्हणजे कोणाचाच घोटाळा व्हायला नको. विचारायला म्हणून मी मास्तरांना फोन लावला. पलीकडे माग चालू होते. मी बाणाचं सांगितलं.

"बाण नको," ते म्हणाले. "येतील विचारायला."